सफरचंदाच्या कमरेला चीर

माय,

काल माझी सफरचंदं फुटली नाहीत. सोळाच्या सोळा अख्खी निघाली. कमरेवरची बारीक रेघ तेवढी उघडलेली, वर मनुका टच्च फुगलेल्या, ट्रेमध्ये गुळाचा पाक तांबूस झालेला. पोरी टेबलाभोवती दाटीवाटीनं उभ्या होत्या. काल माझा कॉलेजातला शेवटचा दिवस होता. अमरावतीच्या या कॉलेजात बत्तीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं, आता घरी बसायचं. विभागातल्या बायकांनी विचारलं, मॅडम, निरोपाला केक मागवायचा का? मी म्हटलं, केक नको, मीच एक शेवटचं प्रात्यक्षिक दाखवते, सुका मेवा भरून भाजलेली सफरचंदं. त्यांना वाटलं, बाईंची शिकवायची खोड जात नाही. खरं कारण वेगळं होतं. ट्रे बाहेर काढल्यावर मला सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलायचं होतं: हे मला माझ्या आईनं शिकवलं आणि माझी आई अकोल्याच्या कॉलेजात लॅब अटेंडंट होती. आठ दिवस मी ते वाक्य घोकत होते, भाजी निवडताना, ऑटोत बसल्यावर, आंघोळ करताना. एवढ्या वयाची बाई एक वाक्य पाठ करते म्हटल्यावर तू पोट धरून हसली असतीस. काल काय झालं ते शेवटी सांगते. आधी जुनं सांगू दे. ते तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

तुझी ती लॅब मला अजून जशीच्या तशी दिसते. लांबट खोली, काळ्या फरशीचे ओटे आणि कोपऱ्यात तो हिरवट जुना ओव्हन. त्याच्या बटणावरचे आकडे घासून गेले होते आणि असते तरी तुला ते वाचता आले नसते. तू कागदावर चिमूटभर मैदा टाकून आत सरकवायचीस आणि तो किती वेळात बदामी होतो ते पाहून निकाल द्यायचीस. पोरी विचारायच्या, मावशी, तापला का? तू म्हणायचीस, "थांबा वं, अजून नुसता गुरगुरून राहिला." त्या ओव्हनची तुला नस न् नस माहीत होती. "मागचा डावा कोपरा लय हरामी हाय," हे तू घरी जेवताना सांगायचीस, दुसऱ्या बायका सासूबद्दल सांगतात तसं. लॅबमध्ये प्रात्यक्षिक झालं की पदार्थ आधी मॅडम लोकांना जायचे, मग पोरींना, आणि उरलंसुरलं तुझ्या डब्यात. मी लहानपणी खाल्लेला केक, नानकटाई, पुडिंग, सगळं कुणाच्या तरी परीक्षेतून उरलेलं होतं. त्यात ती भाजलेली सफरचंदं मला सगळ्यांत आवडायची. थंड झालेली, सुरकुतलेली, आत खजूर आणि मनुका. आपल्या गल्लीत कुणी आजारी पडल्याशिवाय सफरचंद दिसत नसे, आणि मी मात्र धडधाकट असताना ते खायची. बाबा हंगामात शेंदूरजन्याला संत्र्याच्या पेट्या भरायला गेले की त्यांच्या वाटचंही मीच खायची.

बारावीनंतर त्याच कॉलेजात माझा प्रवेश झाला. फॉर्म विभागप्रमुख मॅडमनी स्वतः बसून भरला, म्हणून मी तुझी मुलगी आहे हे कॉलेजात एकट्या त्यांना ठाऊक होतं. आता त्या पुलाचं सांगते. रोज सकाळी आपण जुन्या शहरातून बरोबर निघायचो आणि मोर्णा नदीचा पूल आला की तू भराभर पुढे जायचीस. मी कठड्यापाशी रेंगाळायची आणि पाच-सात मिनिटांनी एकटीच कॉलेजात शिरायची. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ही युक्ती तुझी. शब्द तुझेच होते, पण ते मी तुझ्याकडून वदवून घेतले. कॉलेज सुरू व्हायच्या आधी चार दिवस मी तोंड पाडून बसले होते, नीट जेवत नव्हते. शेवटी तू विचारलंस, "काय झालं वं तुले?" आणि मी म्हटलं, "सगळ्या पोट्ट्या तुले मावशी म्हनतात. मी काय म्हनू?" तू पिठाचे हात तसेच ठेवून थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंस. मग हसून म्हणालीस, "तू बी मावशी मन. माई पोट्टी शिकून राहिली, मले कोनी काई मनो." मी लगेच जेवायला बसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, हेही आठवतं.

मला काय लपवायचं होतं? लॅबमधला तुझा झाडू तर होताच. पण वर्गातल्या पोरी शेतीवाडीवाल्या, दुकानदारांच्या, वकिलांच्या, आणि आपण कुठल्या वस्तीत राहतो हे एकदा कळलं की पुढचं सगळं न विचारता कळतं. हजेरीत माझं आडनाव होतं, पण तुझं आडनाव तिथं कुणाला माहीत होतं? तू नुसती मावशी. तीन वर्षं मी तुला मावशी म्हटलं. मावशी, पाणी. मावशी, हा ट्रे घासायचा राहिला. आवाज इतका सराईत झाला होता की कधी कधी घरीसुद्धा तोंडात तोच शब्द यायचा, आणि तू तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस.

शेवटच्या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षा. आदल्या दिवशी चिठ्ठ्या काढून पदार्थ मिळायचा, सामान आपलं आपण आणायचं. माझी चिठ्ठी निघाली भाजलेल्या सफरचंदांची, आणि मी मनातून फुलून गेले, कारण हा तर आपल्या घरचा पदार्थ. आपण दोघी बाजारातून सफरचंदं घेऊन गल्लीत शिरलो तर शेजारची म्हातारी ओट्यावरून ओरडली, "कोन बिमार हाय वं?" तू म्हणालीस, "कोनी नाही. परीक्षा हाय." घरी आल्यावर तू शेगडीवर जुनं पातेलं ठेवलंस, बुडाशी रेती, वर थाळी, थाळीवर निखारे. एक सफरचंद हातात घेतलंस. चहाचा तो चमचा, ज्याची एक कड तू पायरीच्या दगडावर घासून धारदार केली होतीस, तो देठाकडून आत फिरवून गाभा अलगद काढलास आणि बूड शाबूत ठेवलंस. मग सुरीच्या टोकानं सफरचंदाच्या मधोमध गोल रेघ ओढलीस. "हे पाय, कंबरेले चिरा द्याचा. आतली वाफ कोनीकडून जाईन? चिरा नसन तं फुटते." मग खजूर, मनुका, मेळघाटातली चारोळी, गूळ, वर लोण्याचा बोटभर गोळा. "आन् दाबून भरू नको. थ्यालेबी श्वास लागते."

मी जर्नल उघडून बसले होते. मॅडमनी सांगितलेली कृती त्यात सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती आणि तिच्यात चिरेचा उल्लेख नव्हता. मी म्हटलं, "जर्नलात नाही लिहिलं असं." तू म्हणालीस, "जर्नलाले काय मालूम? पोट्ट्यायचे फुटलेले सफरचंद मी घासते ट्रेमधून." आणि मी म्हटलं, "परीक्षक जर्नल पाहतीन, तुयं तोंड नाही पाहत." तू सफरचंद पातेल्यात ठेवून वर निखाऱ्यांची थाळी झाकलीस. थोड्या वेळानं निखारे बाजूला करून ते सफरचंद बाहेर काढलंस. अख्खं, गोल, कमरेवर पट्टा बांधल्यासारखी रेघ. ते मी खाल्लं. चाटूनपुसून खाल्लं आणि तरी मान्य केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ जणींची तुकडी, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, खुर्चीवर ताठ. मी सफरचंदं भरते आहे. तू पाण्याचा जग घेऊन ओट्यांमधून फिरते आहेस. माझ्यापाशी आल्यावर तू वाकून अगदी हळू विचारतेस, "चिरा देल्ला काय?" शेजारच्या ओट्यावरची मुलगी वर बघते. मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "मावशी, तुम्ही तुमचं काम बघा ना." तू पुढे जातेस. सुरी माझ्या हातात असते, माय. रेघ ओढायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण आता ओढली असती तर तुझं ऐकलं असं झालं असतं. मी मेवा आणखी दाबून भरला आणि ट्रे ओव्हनमध्ये ठेवला, तोही मागच्या डाव्या कोपऱ्याला चिकटवून.

वीस-पंचवीस मिनिटांनी आतून फट् असा आवाज आला. मग आणखी एक. ट्रे काढला तेव्हा चारांतली तीन फुटली होती. सालं उलटी झालेली, गर बाहेर, मनुका जळून ट्रेला चिकटलेल्या. परीक्षक बाई उठून आल्या आणि चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, "हे असं का झालं?" उत्तर मला येत होतं. साल चिरली नाही, मेवा ठासून भरला, वाफेला वाट राहिली नाही. आदल्याच दिवशी शिकले होते. फार तर दोन गुण गेले असते. कदाचित कारण बरोबर सांगितलं म्हणून ते परतही मिळाले असते. आणि मी म्हणाले, "मॅडम, ओव्हन जास्त तापला होता. मावशींनी बटण फिरवलं. त्यांना आकडे कळत नाहीत."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं.

तू भिंतीपाशी ओलं फडकं घेऊन उभी होतीस. बाईंनी तुला विचारलं, "तुम्ही फिरवलं?" तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. सरळ त्यांच्याकडे बघत म्हणालीस, "हाव मॅडम. मीच फिरवलं." बाई विभागप्रमुखांकडे वळल्या, "अंगठेबहाद्दर बाईच्या हाती ओव्हन देता?" प्रमुख मॅडम तुझ्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघू लागल्या, आणि किती तरी वेळ बघतच राहिल्या. मी ट्रेकडे बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा." आणि तू फडकं घडी करून ओट्यावर ठेवून बाहेर गेलीस.

त्या संध्याकाळी तुझा डबा उघडला तर त्यात माझीच सफरचंदं. फुटकी. तू ती नेहमीसारखी भरून आणली होतीस. एक माझ्या ताटात वाढलंस आणि म्हणालीस, "खाय. चव चांगली उतरली." मी भूक नाही म्हटलं. मग तू चुलीकडे तोंड करून बोललीस, आणि सबंध आयुष्यात तू मला विचारलेला खरा जाब एवढाच: "खोटं बोलली थ्याचं काई नाही वं. परीक्षा होती, भेव वाटलं असन. पन मले ओव्हन समजत नाही, असं कावून मनली?" मी ताट सरकवून अंगणात गेले आणि उगाच दोरीवरचे कपडे काढत बसले, ओलेच होते ते.

आठवड्याभरात आदेश निघाला. बाहेरच्या परीक्षक बाईंनी शेरा लिहून ठेवला होता. तुला ओव्हनपासून काढलं आणि आवार झाडायला, संडास धुवायला लावलं. इथवर जे झालं त्याला मी भीती म्हणू शकते, पोरवय म्हणू शकते, आणि म्हणतच आले. पण पुढचं कशात बसवू? प्रमुख मॅडमनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "तुला मला काही सांगायचं आहे? तू खरं लिहून दिलंस तर मी प्राचार्यांकडे जाते. तुझ्या आईला परत लॅबमध्ये घेऊ." त्या ‘तुझ्या आईला’ म्हणाल्या. निकाल लागायचा होता. आणि लिहून दिलं की ते टाइप होणार, कार्यालयात फिरणार, शिपायांपासून पोरींपर्यंत सगळ्यांना कळणार की मावशी माझी कोण. मी म्हटलं, "नाही मॅडम." त्यांनी मान हलवली आणि पुढ्यातले कागद ओढले. मला पहिला वर्ग मिळाला. तू गल्लीत पेढे वाटलेस.

निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं तू आवार झाडलंस. ओव्हनला पुन्हा तुझा हात लागला नाही. पण लॅबच्या खिडकीखाली झाडायला आलीस की थांबायचीस, हे तूच सांगायचीस, तेही हसत. "आज केक होता. जळला. मागचा डावा कोपरा." नोकरी लागून मी अमरावतीला निघाले तेव्हा अकोल्याच्या बसस्टँडवर तू कमरेच्या पिशवीतून तो घासलेला चमचा काढलास. म्हणालीस, "मले आता काय कामाचा? तू घे." मी तो घेऊन पर्समध्ये टाकला आणि खिडकीची जागा धरायला बसमध्ये चढले. माझ्या कॉलेजात मी तुला कधी बोलावलं नाही. तू म्हणायचीस, "तुया ओव्हन पाह्याचा हाय एकदा," आणि मी म्हणायची, सुट्टीत ये ना, घरीच ये.

दवाखान्यात तू शेवटचे काही दिवस होतीस तेव्हा येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन यायचा. टेबलावर ढीग झाला होता. तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "कच्चेच सडून राहिले. भाजले असते कोनी." माझ्या घरी तेव्हा स्वतःचा ओव्हन होता. पुढच्या खेपेला करून आणते, मी म्हटलं. पुढची खेप झाली ती तुला न्यायलाच. त्याला आता तेवीस वर्षं झाली.

आणि या बत्तीस वर्षांत मी दर साली पोरींना सांगत आले, सफरचंदाच्या कमरेला चीर द्या, दाबून भरू नका. त्या जर्नलमध्ये खाली ‘टीप’ असं लिहून चौकट करतात. म्हणजे तुझं म्हणणं शेवटी जर्नलात आलं, माय, फक्त माझं म्हणून आलं. कुणी विचारलंच तर मी म्हणायची, अनुभव. मला माझी किळस येते हे लिहिताना. आणि बघ, लिहितेय तेही या धुतल्या मराठीत, जिच्यात तू मला ओळखलंही नसतंस.

तर काल. मी तुझ्याच चमच्यानं गाभे काढले. रेघा ओढल्या, भरलं, कागदावर मैदा टाकून ओव्हन तपासला, पोरींना त्याचं फार हसू आलं. समोर प्राचार्य, विभागातल्या बायका, आणि दाराशी आमच्या लॅबमधल्या मावशी हाताची घडी घालून उभ्या. ट्रे बाहेर आला, टाळ्या झाल्या, माइक हातात आला. मी सुरुवात केली, "हे मला माझ्या..." आणि थांबले. एकीनं पाणी दिलं. पाणी पिऊन मी म्हणाले, "हे मला आमच्या अकोल्याच्या कॉलेजातल्या एका मावशींनी शिकवलं. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण ओव्हन त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त समजायचा." पुन्हा टाळ्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. प्राचार्य उठून म्हणाले, एका साध्या मावशीचं ऋण मान्य करणं हा मॅडमचा मोठेपणा. मी हात जोडून तो मोठेपणा घेतला.

हे कागद पाठवायचे कुठे? जुन्या जर्नलमध्ये, त्या सफरचंदाच्या पानाशी ठेवून देईन. एक तेवढं सांगायचं राहिलं. सगळे पांगल्यावर एक पोरगी मागे थांबली होती. शेवटच्या वर्षाची, अंजनगावकडची, वर्गात फारशी न बोलणारी. तिनं तुझा चमचा धुतला, ओढणीच्या टोकानं पुसला, उलटा-सुलटा करून त्याची घासलेली कड पाहिली आणि विचारलं, "मॅडम, त्या मावशीचं नाव काय होतं? मले जर्नलात लिहायचं हाय." लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. तिसरं कुणी ऐकायला नव्हतं.

मी म्हटलं, "आठवत नाही गं आता."